हे फीचर कोणत्या आवृत्तीपासून चालते?

प्रोग्रामिंग शिकवणारी बहुतेक पुस्तके भाषा एकच असल्यासारखी शिकवतात. पण नुसते ‘पायथन’ किंवा नुसती ‘जावा’ कुठल्याच यंत्रावर बसवलेली नसते. बसवलेले असते पायथन ३.६ किंवा ३.१२, जावा ८ किंवा २१. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर एक आवृत्ती, टेस्टिंग सर्व्हरवर दुसरी आणि ग्राहकाकडे तिसरी, हे रोजचे चित्र आहे. लॅपटॉपवर सुरळीत चाललेला कोड ग्राहकाच्या सर्व्हरवर पहिल्याच ओळीला आपटतो, तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. आपण वापरलेले फीचर नेमके कोणत्या आवृत्तीपासून आहे? आणि समोरच्या यंत्रावर ते आहे की नाही, हे आधीच कसे ओळखायचे?

हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण त्यांची उत्तरे शोधण्यात तीन दशकांहून अधिक काळ गेला आहे. वेगवेगळ्या भाषांनी काढलेले मार्ग ढोबळमानाने तीन आहेत: आवृत्तीचा आकडा वाचणे, फीचर आहे का हे थेट तपासणे, आणि किमान आवृत्ती आधीच जाहीर करणे. या तिन्हींचा आढावा घेताना माझे मत सुरुवातीलाच मांडतो. आकडा हा कोणीतरी केलेला दावा असतो. पुरावा हवा असेल तर त्या आवृत्तीवर कोड प्रत्यक्ष चालवून पाहावा लागतो.

एका प्रश्नाच्या पोटात चार

‘हे फीचर आहे का?’ असे विचारताना आपण खरे तर चार गोष्टी विचारत असतो. ते भाषेच्या स्टँडर्डमध्ये आले आहे का? आपल्या कंपायलरने किंवा इंटरप्रिटरने ते पूर्णपणे अमलात आणले आहे का? कोड जिथे चालणार, तिथे ती आवृत्ती बसवलेली आहे का? आणि तिथे त्या फीचरचा अर्थ आपल्याला अपेक्षित आहे तोच आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांतले अंतर किती मोठे असू शकते, हे सी प्लस प्लसच्या मॉड्यूल्सने दाखवले. २०२० च्या स्टँडर्डमध्ये ती आली, पण प्रमुख कंपायलरांत ती भरवशाने वापरण्याजोगी व्हायला पुढे कित्येक वर्षे गेली. ‘सी प्लस प्लस २० चा सपोर्ट आहे’ हे वाक्य त्या काळात खरेही होते आणि अपुरेही.

आकडा चढला की फीचर्स वाढतच जातात, हा समजही टिकत नाही. सी भाषेत चालू प्रोग्राममध्ये लांबी ठरणारे ॲरे १९९९ च्या स्टँडर्डने सक्तीचे केले आणि २०११ च्या स्टँडर्डने ऐच्छिक केले. पायथनने ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स हे जुने मॉड्यूल काढले आणि ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये सीजीआय, टेलनेटलिब यांच्यासह आणखी १९ मॉड्यूल्सना निरोप दिला. म्हणून फीचरला खालची हद्द असते तशी वरचीही असू शकते, आणि तपासताना दोन्ही पाहाव्या लागतात.

आकड्यावरचा भरवसा

सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आकडा वाचणे. प्रत्येक सी प्लस प्लस कंपायलरने आपण कोणते स्टँडर्ड पाळतो हे एका ठरावीक मॅक्रोतून सांगायचे असते. त्या मॅक्रोची किंमत वर्ष आणि महिना जोडून बनते: १९९८ च्या स्टँडर्डसाठी १९९७११, २०११ साठी २०११०३, २०२० साठी २०२००२. योजना स्वच्छ आहे, पण कंपायलरांनी ती पाळली नाही. जीसीसीने २०१२ च्या ४.७ आवृत्तीपर्यंत या मॅक्रोची किंमत नुसती १ ठेवली होती. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर आजही वेगळा स्विच दिल्याशिवाय १९९७११ असेच सांगतो, मग आत २०१७ चे स्टँडर्ड चालू असले तरी. कारण उघड आहे. लाखो ओळींचा जुना कोड त्या जुन्या आकड्यावर विसंबून आहे आणि आकडा खरा केला तर तो मोडेल. क्लँग तर जीसीसीसाठी लिहिलेला कोड आपल्याकडेही चालावा म्हणून स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवतो.

ब्राउझरांचा इतिहास याहून बोलका आहे. क्रोम स्वतःची ओळख देताना मोझिला, ॲपलवेबकिट, गेको आणि सफारी एवढी सगळी नावे घेतो, कारण नाव पाहून चांगले पान द्यायचे की साधे, हे वेबसाइट्स ठरवत आल्या. २००९ मध्ये ऑपेराची आवृत्ती ९ वरून १० वर गेली, तेव्हा अनेक साइट्सनी पहिला अंक तेवढा वाचला आणि त्यांना ऑपेरा १ दिसला. शेवटी ऑपेराने आपली जाहीर आवृत्ती ९.८० वरच गोठवली आणि खरा आकडा ओळीच्या शेवटी वेगळा लिहिला. पुढे २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही १०० वर पोहोचणार होते, तेव्हा हाच घोटाळा टाळण्यासाठी दोघांनी कित्येक महिने आधीपासून चाचण्या घेतल्या.

दोन अंकी आकड्याने पायथनलाही अडचणीत आणले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आली. आवृत्तीच्या मजकुरातली पहिली तीन अक्षरे कापून घेणाऱ्या प्रोग्रामांना ती ३.१ दिसू लागली. मजकूर म्हणून तुलना केली तर ३.१० ही ३.९ च्या आधी येते, कारण तिथे १ आणि ९ यांचीच गाठ पडते. बिल्डच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिले, तर ते दशांश संख्या म्हणून वाचले जाऊन ३.१ होते. पर्लमध्ये उलटे घडते. ‘किमान ५.१० हवी’ असे सांगताना आकडा साध्या दशांशात लिहिला तर पर्ल तो ५.१०० समजते आणि ‘तुम्हाला ५.१०.० म्हणायचे होते का?’ असे विचारत थांबते. पर्लने निदान विचारले तरी. बाकी ठिकाणी चुकीचे उत्तर मुकाट्याने पुढे जाते.

यावर उपाय जुनाच आहे. आवृत्ती नेहमी सुट्या पूर्णांकांच्या यादीच्या रूपात तपासावी. पायथनमध्ये तशी यादी २.० पासून तयार मिळते आणि जावाने ९ व्या आवृत्तीपासून त्यासाठी वेगळा एपीआय दिला.

एवढे करूनही आकड्याच्या मार्गाला एक मर्यादा राहते. पायथन संपूर्ण फाइल आधी वाचून तिचे व्याकरण तपासते आणि मगच पहिली ओळ चालवते. त्यामुळे वर ‘आवृत्ती ३.१० पेक्षा जुनी असेल तर थांब’ असे लिहून खाली त्याच फाइलमध्ये ३.१० ची मॅच ही रचना वापरली, तर जुन्या पायथनवर ती वरची सूचना कधीच छापली जात नाही. वापरणाऱ्याला दिसते फक्त व्याकरणाची चूक. व्याकरणाचे फीचर तपासायचे असेल तर तपासणी वेगळ्या फाइलमध्येच ठेवावी लागते.

थेट विचारणे

आकडा बेभरवशाचा असेल तर फीचरलाच विचारावे, हा विचार युनिक्सच्या जगात रुजला. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेंझी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी अनेक ग्नू साधने सांभाळत होते. प्रत्येक युनिक्स थोडे वेगळे, प्रत्येक कंपायलर थोडा वेगळा. त्यांनी ऑटोकॉन्फ लिहिले. यातून तयार होणारी स्क्रिप्ट प्रत्येक गोष्टीसाठी एक इवलासा प्रोग्राम कंपाइल करून पाहते. झाला तर फीचर आहे, नाही झाला तर नाही.

हीच दृष्टी नंतर सर्वत्र पसरली. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या स्टँडर्डने ‘ही हेडर फाइल आहे का’ असे कोडमधूनच विचारण्याची सोय दिली आणि २०२० च्या स्टँडर्डने प्रत्येक मोठ्या फीचरसाठी स्वतंत्र मॅक्रो अधिकृत केला. सीएसएसमध्ये ‘अमुक गुणधर्म समजतो का’ असे विचारणारा नियम २०१३ च्या सुमारास क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आला. जावास्क्रिप्टमध्ये एखादे फंक्शन आहे का हे पाहून मगच ते वापरणे, ही आज सर्वमान्य शिस्त आहे.

थेट विचारणे आकड्यापेक्षा निश्चितच बरे. पण नाव असणे आणि काम होणे यांत सातबाऱ्यावर नाव असणे आणि जमीन प्रत्यक्ष ताब्यात असणे यांत असतो तेवढाच फरक असू शकतो. त्याची दोन उदाहरणे मुद्दाम तपशिलाने पाहण्यासारखी आहेत.

पहिले जीसीसी ४.८ चे. सी प्लस प्लसच्या २०११ च्या स्टँडर्डने रेग्युलर एक्स्प्रेशनची लायब्ररी दिली. ४.८ मध्ये तिची हेडर फाइल होती, क्लास होते, फंक्शन्सची नावे होती. कोड विनातक्रार कंपाइल होई. चालवल्यावर मात्र साध्यासुध्या पॅटर्नवरही एरर येई किंवा चुकीचे उत्तर मिळे, कारण आतले काम पुरे झालेलेच नव्हते. ते झाले २०१४ च्या ४.९ मध्ये. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ चा मूळ कंपायलर ४.८ होता आणि त्या लिनक्सची नियमित देखभाल जून २०२४ पर्यंत चालली. म्हणजे अर्धवट फीचर असलेला कंपायलर दहा वर्षे अधिकृतपणे वापरात राहिला.

दुसरे मायएसक्यूएलचे. टेबल बनवताना ‘वय शून्यापेक्षा जास्त हवे’ अशी चेक अट लिहिली तर मायएसक्यूएल ती वाचून घेई, एरर देत नसे आणि सरळ विसरून जाई. उणे वयाची नोंद बिनदिक्कत आत जाई. अट खऱ्या अर्थाने लागू झाली ती एप्रिल २०१९ च्या ८.०.१६ मध्ये. ‘वाक्य स्वीकारले गेले’ याला ‘फीचर आहे’ असे समजणाऱ्यांच्या डेटाबेसात चुकीची माहिती साठत राहिली आणि कोणाला कळलेही नाही.

थेट विचारण्याच्या पद्धतीत दुसरीही एक फट आहे. इवलासा प्रोग्राम कंपाइल झाला नाही तर कारण काय, हे तपासणी पाहत नाही. २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या एक्सझेड प्रकरणात या फटीचा जाणूनबुजून वापर झाला. एक्सझेड ही लिनक्सवर सर्वत्र असणारी फाइली आवळण्याची लायब्ररी. तिच्या सीमेक फाइलमध्ये लँडलॉक हे लिनक्सचे सुरक्षा फीचर उपलब्ध आहे का, हे पाहणारा छोटा प्रोग्राम होता. घातपात करणाऱ्याने त्या प्रोग्राममध्ये एका ओळीवर फक्त एक पूर्णविराम घातला. त्यामुळे तो कुठेच कंपाइल होईना. तपासणीने प्रत्येक यंत्रावर ‘लँडलॉक नाही’ असा निष्कर्ष काढला आणि ते संरक्षण गुपचूप बंद राहिले. फीचर नसणे आणि तपासणीच चुकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्या तपासणीला कळत नाही तिच्यावर सुरक्षेचा भार टाकू नये.

किमान आवृत्ती जाहीर करणे

गेल्या दशकात कल तिसऱ्या मार्गाकडे झुकला: प्रकल्पाने किमान आवृत्ती एका ठिकाणी लिहायची आणि ती पाळली जाते का हे साधनांनी पाहायचे. पायथनच्या पॅकेजमध्ये अशी अट लिहिता येत होती, पण पिपने ती मानायला सुरुवात केली २०१६ च्या ९ व्या आवृत्तीपासून. रस्टने ऑक्टोबर २०२१ च्या १.५६ मध्ये कार्गोच्या फाइलीत किमान आवृत्तीची ओळ दिली. जानेवारी २०२५ च्या १.८४ पासून कार्गो ही ओळ लक्षात घेऊन इतर पॅकेजांच्या जुळणाऱ्या आवृत्त्या निवडू शकते. गोने ऑगस्ट २०२३ च्या १.२१ मध्ये ही ओळ बंधनकारक केली. त्याआधी ती जवळपास सल्ल्यासारखी होती. आता आपले गो जुने असेल तर ते योग्य आवृत्ती स्वतः उतरवून घेते.

या मार्गात एक खोल खड्डा होता आणि जावाच्या मंडळींनी त्यात बऱ्याच ठेचा खाल्ल्या. जावाच्या कंपायलरला ‘व्याकरण ८ चे ठेव, बाइटकोडही ८ चा कर’ असे सांगता येई. पण लायब्ररी मात्र कंपायलरच्या स्वतःच्या आवृत्तीची वापरली जाई. जावा ९ मध्ये बाइटबफरच्या फ्लिप या मेथडचा परतावा थोडा बदलला: पूर्वी ती बफर देई, आता बाइटबफर देऊ लागली. सोर्समध्ये एक अक्षर बदलावे लागले नाही. पण जावा ९ वर ‘८ साठी’ म्हणून कंपाइल केलेला प्रोग्राम खऱ्या जावा ८ वर नेला की ‘अशी मेथड नाही’ म्हणून कोसळे. याच ९ व्या आवृत्तीत ‘रिलीज’ नावाचा स्विच आला. तो व्याकरण, बाइटकोड आणि लायब्ररी या तिन्ही गोष्टी एकाच जुन्या आवृत्तीला बांधतो. जुन्या बिल्ड फाइली सांभाळणाऱ्यांनी हा एक बदल आज केला तरी पुष्कळ त्रास वाचेल.

या सर्वांत मला सर्वाधिक पटलेली रचना स्विफ्टची आहे. २०१५ च्या स्विफ्ट २ पासून ॲपलच्या प्रत्येक एपीआयवर तो कोणत्या आवृत्तीपासून आहे याची खूण असते. ॲप जुन्या आयओएसलाही चालणार असेल आणि नवा एपीआय तपासणीच्या अटीबाहेर वापरला, तर कंपायलर कोड पुढेच जाऊ देत नाही. अँड्रॉइडमध्ये जवळपास हेच काम लिंट करते. विसरण्याची सवय प्रत्येक माणसाला असते, म्हणून लक्षात ठेवण्याचे काम यंत्राकडे सोपवणे हेच शहाणपणाचे.

फीचर तेच, अर्थ निराळा

चौथा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. फेब्रुवारी २०२४ च्या गो १.२२ मध्ये फॉर लूपच्या चलाचा अर्थ बदलला. पूर्वी संपूर्ण लूपसाठी एकच चल असे, आता प्रत्येक फेरीला नवा. कोणता अर्थ लागू होणार हे बसवलेल्या गोवरून ठरत नाही. ते मॉड्यूलच्या फाइलीत जाहीर केलेल्या आवृत्तीवरून ठरते. म्हणजे तोच कोड, तोच कंपायलर, पण एक ओळ बदलली की वागणूक बदलते. हा बदल करायला हवाच होता, आणि तो अशा रीतीने केल्यामुळे जुना कोड शाबूत राहिला.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांना हा प्रश्न थेट भिडतो. ‘स्त्री’ हा शब्द युनिकोडमध्ये सहा संकेतांचा आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. वाचणाऱ्याला ते एकच अक्षर दिसते. अक्षरांचे तुकडे पाडण्याचा युनिकोडचा सर्वसाधारण नियम पूर्वी या शब्दाचे स्, त्, री असे तीन भाग करी. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे न तोडण्याचा नियम आणला आणि उत्तर एकवर आले. भाषेच्या आवृत्तीत युनिकोडची कोणती नियमावली भरली आहे यावर अक्षरसंख्या, कर्सर कुठे थांबतो आणि मजकूर कुठे कापला जातो हे ठरते. ब्राउझरमध्ये असे तुकडे पाडणारी सेगमेंटरची सोय क्रोममध्ये २०२० च्या ८७ व्या आवृत्तीत आली, फायरफॉक्समध्ये मात्र एप्रिल २०२४ च्या १२५ व्या आवृत्तीत. अक्षरमर्यादा असलेला मराठी फॉर्म बनवणाऱ्याने म्हणून दोन गोष्टी तपासाव्यात: फंक्शन आहे का, आणि ‘स्त्री’ला ते किती म्हणते.

उमेदवारीतली फीचर्स

काही फीचर्स आवृत्तीत असतात, पण कायमची नसतात. जावाने अशांसाठी ‘प्रिव्ह्यू’ अशी वेगळी पायरी ठेवली आहे. मजकुरात थेट किंमती भरणारी स्ट्रिंग टेम्प्लेट्स जावा २१ आणि २२ मध्ये प्रिव्ह्यू म्हणून आली आणि २३ मध्ये काढून टाकली गेली. ‘जावा २१ पासून उपलब्ध’ एवढेच टिपून ठेवणाऱ्याची नोंद दीड वर्षाच्या आत खोटी ठरली.

पायथनकडे यासाठी ‘फ्यूचर’ नावाचे मॉड्यूल आहे. त्यात प्रत्येक फीचरसमोर दोन आवृत्त्या लिहिलेल्या असतात: कधीपासून मागून घेता येते आणि कधीपासून आपोआप लागू होते. भागाकाराचा नवा अर्थ २.२ पासून मागता येई आणि ३.० पासून सर्वांना लागू झाला. टाइपच्या टिपा पुढे ढकलून वाचण्याचे फीचर ३.७ पासून मागता येऊ लागले. ते ३.१० मध्ये सर्वांना लागू व्हायचे होते. ते लांबले, शेवटी रद्द झाले आणि ३.१४ मध्ये वेगळीच रचना आली. आज त्या फीचरपुढची दुसरी जागा रिकामी आहे. प्रामाणिक नोंद कशी असावी याचा हा उत्तम नमुना. भविष्याबद्दलचे आश्वासन पाळता आले नाही, तर तेही त्याच जागी लिहिले आहे.

नोंदी कुठे पाहायच्या

चांगली बातमी अशी की विश्वासार्ह नोंदी आता भरपूर आहेत. जावा, पायथन आणि रस्टच्या अधिकृत दस्तऐवजांत बहुतेक फंक्शन्ससमोर ‘कधीपासून’ हे लिहिलेले असते. गो प्रत्येक आवृत्तीत भर पडलेल्या एपीआयची साधी मजकूर फाइल ठेवते. सी प्लस प्लससाठी सीपीपीरेफरन्सवरचे कंपायलरनिहाय तक्ते आहेत, वेबसाठी ‘कॅन आय यूज’ आणि एमडीएन. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या बेसलाइनने वेबचे उत्तर आणखी सोपे केले. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सर्वांत फीचर आले की ते ‘नव्याने उपलब्ध’, आणि त्यानंतर ३० महिने उलटले की ‘सर्वदूर उपलब्ध’. जुना फोन आणि जुना ब्राउझर वापरणाऱ्या माणसाला या ३० महिन्यांत धरलेले आहे, म्हणून मला ही व्याख्या न्याय्य वाटते.

नसलेले फीचर बाहेरून आणतानाही सावध राहावे. जुन्या ब्राउझरांना नवी फंक्शन्स पुरवणारी पॉलिफिल डॉट आयओ ही सेवा हजारो साइट्स थेट तिच्या पत्त्यावरून वापरत होत्या. २०२४ मध्ये तिची मालकी बदलली आणि जून महिन्यात तिथून घातक कोड वाटला जात असल्याचे उघड झाले. उसनी फीचर्स घ्यायचीच असतील तर ती आपल्या सर्व्हरवर आणून, तपासून ठेवावीत.

मग करायचे काय?

सर्व बाजू पाहून माझा निष्कर्ष असा. भाषेच्या फीचरसाठी किमान आवृत्ती जाहीर करणे हा मुख्य मार्ग मानावा. वातावरण आपल्या हातात नसेल, म्हणजे ब्राउझर, फोन किंवा ग्राहकाचा डेटाबेस असेल, तिथे थेट तपासावे, आणि तपासणी नावाची नव्हे तर कामाची असावी: चेक अट चालते का हे पाहायचे तर चुकीची नोंद घालून ती नाकारली जाते का ते पाहावे. आकडा वाचणे शेवटचा पर्याय ठेवावा, आणि वाचलाच तर पूर्णांकांच्या यादीने.

आणि यातले काहीही चालवून पाहण्याची जागा घेऊ शकत नाही. पुष्कळ प्रकल्पांत किमान आवृत्ती लिहिलेली असते, पण चाचण्या फक्त सर्वांत नव्या आवृत्तीवर चालतात. असा आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही. तुमच्या प्रकल्पाची फाइल आज उघडा, तिथे लिहिलेली सर्वांत जुनी आवृत्ती सीआयमध्ये जोडा आणि सर्व चाचण्या तिच्यावर एकदा चालवा. त्या उत्तीर्ण झाल्या तर तो आकडा तसाच ठेवा. नापास झाल्या तर एक तर कोड दुरुस्त करा, नाही तर आकडा बदला. दोन्हींपैकी काहीही केले तरी तुमच्या सॉफ्टवेअरवर विसंबलेल्या माणसाला खरे उत्तर मिळेल.